आईचा प्रचार

“तिळगूळ घ्या, रविवारी हळदीकुंकवाला या, आणि मला मत देऊ नका,” आई म्हणाली आणि तिनं ताराक्काच्या कपाळाला कुंकू लावलं.

ताराक्कानं आधी कुंकू नीट लावून घेतलं, नाकावर सांडलेलं पुसलं, पदर सारखा केला आणि मग विचारलं, “काय म्हनलासा?”

आईनं पुन्हा तेच सांगितलं. बालवाडीतल्या पोरांना ‘चपला ओळीत काढा’ सांगावं इतक्या शांतपणे सांगितलं. मी तिच्यामागं तिळगुळाचा डबा धरून उभी होते आणि वर बघायचं टाळत होते. कारण ताराक्काच्या भिंतीवर, आईच्या डोक्याच्या बरोबर वर, आमचंच पोस्टर चिकटवलेलं होतं. ‘सौ. मालन हिंदुराव खबाले यांनाच प्रचंड बहुमतांनी विजयी करा. निशाणी कपाट.’ त्यावर हात जोडलेला मोठा फोटो आण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा होता. आईचा फोटो खाली कोपऱ्यात होता, कपाटाच्या शेजारी. दोन्ही साधारण एकाच मापाचे होते.

आमच्या हिंगणोलीत आण्णा दोन खेपा पंचायतीत मेंबर होते. तिसऱ्या खेपेला आमचा वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला. आण्णा एक संध्याकाळ जेवले नाहीत. मग माळ्यावर टाकलेली वस्तू ऐनवेळी आठवावी तशी त्यांना आई आठवली. अर्ज तयार झाला, सूचक-अनुमोदक मिळाले, आईची सही घेतली गेली. आईचं मत विचारायचं तेवढं राहून गेलं. गडबडीत असं होतं.

आई गावातली बालवाडी चालवायची. मी दुसरीत होते तेव्हापासून. तालुक्याच्या एका संस्थेची ती बालवाडी, देवळामागच्या खोलीत भरायची. संस्थेचा एक नियम होता: बालवाडीच्या बाईनं निवडणुकीतलं कुठलंही पद घ्यायचं नाही, घेतलं तर काम सोडायचं. आईनं हे आण्णांना त्याच दिवशी सांगितलं. आण्णा हसले.

“मग सोडायची. मेंबरीन झाल्यावर लोकांच्या पोरांचं नाक पुसत बसनार हाईस व्हय?”

आई म्हणाली, मी अर्ज मागं घेते. आण्णा म्हणाले, आता माघार घेतलीस तर मला गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. त्यांच्या गटाची माणसं ओसरीवर बसली होती. त्यांनीही माना डोलावल्या. आई गप्प बसली. आमच्या घरात आई गप्प बसली की तिची संमती आहे असं धरलं जायचं. आण्णांचं सगळं लोकमत अशाच पद्धतीनं तयार व्हायचं.

मला एवढंच माहीत होतं की सकाळी दहा ते एक आई वेगळी बाई असते. घरात तिचा आवाज भांड्यांच्या आवाजावर कधी गेला नाही. देवळामागच्या खोलीत मात्र ती मोठ्यानं गाणी म्हणायची, हत्ती होऊन चालायची, एका हाकेत चाळीस पोरं खाली बसवायची. तिला तिथं कुणी हिंदुरावाची बायको म्हणत नव्हतं. सगळे बाई म्हणायचे, पोरांचे बापसुद्धा. ती खोली गेली असती तर तिच्याकडं आमचं स्वयंपाकघर उरलं असतं, आणि पंचायतीच्या कागदांवर सह्या.

आण्णांचा प्रचार भल्या सकाळी, बालवाडी भरायच्या आधी निघायचा. बरोबर बाईमाणूस दिसावं म्हणून मला न्यायचे. उमेदवार बाई घरी, कारण प्रचाराला आलेल्यांचा चहा कोण करणार. आण्णा दारात हात जोडून उभे राहायचे आणि म्हणायचे, “यंदा बी मला संधी द्या.” माणसं म्हणायची, तुम्हाला सोडून कुणाला देणार. कुणी चहा पाजायचं, कुणी शेंगा द्यायचं, म्हातारी माणसं तोंडावरून हात फिरवायची. आण्णा बाहेर पडून म्हणायचे, “हे घर पक्कं.” वॉर्डातली सगळी घरं पक्की झाली.

दुसरा उमेदवार होता शहाजी सूर्यवंशी. म्हणजे त्याची बायको अलका. तोही तिच्या नावानं असाच हिंडत होता आणि त्याचीही सगळी घरं पक्की झाली होती. एकदा रघुतात्यांच्या दारातून आम्ही बाहेर पडतोय तोवर शहाजी आत शिरत होता. दोघांचे हात जोडलेले. कुणी आधी खाली घ्यायचे ते कळेना, म्हणून दोघं बराच वेळ एकमेकांना नमस्कार करत राहिले. आतून रघुतात्या ओरडले, चहा टाका गं आणखी.

मी आता विमा विकते. दारोदार हिंडते, त्यामुळं मला हा धंदा कळतो. जो दारातच वाद घालतो, मागच्या एजंटाला शिव्या देतो, हप्ता परवडत नाही म्हणून कटकट करतो, तो पॉलिसी घेतो. जो ‘या, बसा, पाणी घ्या’ म्हणतो तो पाणीच देतो. पण हे मला बऱ्याच वर्षांनी समजलं. आण्णांना उभ्या जन्मात समजलं नाही, आणि त्या जानेवारीत आईलाही समजलं नव्हतं.

संक्रांत झाल्यावर आण्णांनी हळदीकुंकू ठरवलं. तालुक्याहून वाण म्हणून प्लास्टिकच्या बादल्या आणल्या, टेम्पो भरून. आई म्हणाली, नेहमीच्या सवाष्णींना बोलावते. आण्णा म्हणाले, विधवांनाही बोलव. आमच्या घराण्यात हे कधी झालं नव्हतं. आईनं चमकून वर बघितलं. तिला क्षणभर नवऱ्याबद्दल बरं वाटलं असावं.

“त्यास्नी बी मत असतंय,” आण्णा म्हणाले.

तर अशी हिंगणोलीत सामाजिक सुधारणा झाली. मत असलेली प्रत्येक बाई त्या वर्षी सवाष्ण ठरली. आणि त्यांना आमंत्रण द्यायला दारोदार कोण जाणार, तर आई. आण्णा म्हणाले, तेवढाच तुझाही प्रचार होईल.

झाला. दुपारी बालवाडी सुटली की आई कुंकवाचा करंडा घ्यायची, मी डबा घ्यायचे, आणि सकाळी आण्णांनी पक्क्या केलेल्या घरांवर आम्ही पुन्हा जायचो. पुरुष शेतात असायचे. आई उंबऱ्याच्या आत जाऊन बसायची, कुंकू लावायची, आमंत्रण द्यायची आणि मत देऊ नका म्हणायची. मग कारण सांगायची. निवडून आले तर संस्था मला काढणार, माझी जागा जाणार. शेवटी आवाज बारीक करून म्हणायची, “हे मी फक्त तुम्हालाच सांगितलंय. कुणाला बोलू नका, घरात कळलं तर माझी धडगत नाही.”

हे ती प्रत्येक घरात म्हणायची.

मी रस्त्यात एकदा तिला म्हटलंही, आई, कुणीतरी बोलणार. ती म्हणाली, “माझ्यावर विश्वास आहे बायकांचा. त्यांची पोरं मी सांभाळलीत.” आणि खरंच कुणी बोललं नाही. हिंगणोलीत सकाळी आमटी लागली तर दुपारी दुसऱ्या वाडीला कळतं. त्या गावात ही गोष्ट फुटली नाही. मलाही वाटलं, काय हा विश्वास.

ताराक्कानं त्या दिवशी आईचा हात धरला होता. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. “न्हाई देत मत, बाई. तुमी म्हनलासा, झालं.” मग जरा वेळानं तिनं विचारलं, “मग तुमी गेलासा तर तितं कोन यील?”

“कुणीतरी येईल शिकलेली. संस्थेच्या ताई मलाच विचारतील,” आई म्हणाली. “पण ती वेळ येऊ नये ना.”

“न्हाई न्हाई, येऊच न्हाई,” ताराक्का म्हणाली आणि आईच्या हातावर गूळ ठेवला.

हा प्रश्न सगळ्यांनी विचारला. तुमच्या जागी कोण येणार, कधी येणार, किती शिकलेली लागते. आईला भरून यायचं. ती मला म्हणायची, बघ, पोरांची किती काळजी आहे त्यांना.

शेवटचं घर आईनं मुद्दाम ठेवलं होतं. सूर्यवंशींचं. मी म्हटलं, मी येत नाही. शहाजीची जीप दारात उभी होती, तिच्यावर भोंगा बांधलेला. आई सरळ मागच्या दारानं गेली, मग मीही मागोमाग गेले. अलका भाकरी थापत होती. तिशीही न गाठलेली, सूर्यवंशींच्या घरात दहावी पास झालेली ती एकटीच. तिचा धाकटा आईकडंच बालवाडीत होता. विरोधी उमेदवार स्वयंपाकघरात शिरलेली बघून तिनं पिठाच्या हातांनीच पदर घेतला.

“बाई, तुमी? हितं?”

“कुंकू लावायला आले,” आई म्हणाली. “अलका, तूच निवडून ये. आमच्या गल्लीतली मतं मी तुझ्याकडं वळवलीत.”

अलका बघतच राहिली. मग हसायला लागली आणि सासूनं ऐकू नये म्हणून तोंडात पदर घेतला. तिलाही कुणी विचारलं नव्हतं. ती म्हणाली, मला तर निशाणी काय मिळाली हेसुद्धा भोंग्यावरून कळलं. आईनं तिला नियम सांगितला, खोली जाणार ते सांगितलं. इतर घरी ती हे नीट बोलायची. अलकापुढं मात्र तिला रडू फुटलं. कदाचित दोघींची अवस्था एकच होती म्हणून असेल.

“तुझं काही जात नाही गं निवडून आल्यानं. माझी बालवाडी जाईल.”

अलका बराच वेळ तव्याकडं बघत राहिली. भाकरी करपली. मग तिनं तेच विचारलं जे सगळ्यांनी विचारलं होतं, आणि आईनं तेच उत्तर दिलं. निघताना अलका वाकून आईच्या पाया पडली. म्हणाली, “तुमी माज्या दारात आलासा बाई. तुमचा शबुद मी खाली पडू देनार न्हाई.”

परतताना आई चक्क गुणगुणत होती. ‘हे घर पक्कं,’ असं म्हणायचीच काय ती बाकी होती.

हळदीकुंकवाला अख्खा वॉर्ड लोटला. बादल्या संपल्या. आण्णा ओसरीवर खुर्ची टाकून बसले होते आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येक बाईला ‘कपाट, कपाट’ म्हणून आठवण करून देत होते. बायका त्यांच्याकडं बघून मान हलवायच्या आणि आत आईकडं बघून डोळे मिटायच्या. आई खूश, आण्णा खूश. एवढं सुखी आमचं घर पुन्हा कधी नव्हतं.

मतदान झालं. आईनं स्वतः अलकाला मत दिलं, मला येऊन सांगितलं. मतमोजणीला आण्णा गटाची माणसं घेऊन तालुक्याला गेले. आई बालवाडीत गेली. दुपारी ती घरी आली, तिनं भात टाकला, आणि वेशीवर ताशा वाजला. आईनं विचारलं, सूर्यवंशींचा का? मी पळत जाऊन बघितलं. जीपच्या टपावर आण्णा उभे होते. गुलालानं लाल झालेले, गळ्यात हार, हात जोडलेले. पोरं ओरडत होती, ‘हिंदुराव आण्णांचा विजय असो.’ साधा विजय नव्हता. अलकाला तिच्या भावकीतलीसुद्धा निम्मी मतं पडली नव्हती.

मी घरी येऊन सांगितलं. आईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं आणि जमिनीवर बसली. तिला वाटलं, यंत्र बिघडलं असेल.

संध्याकाळपर्यंत बायका येऊ लागल्या. विजयी उमेदवाराची ओटी भरायला. तांदूळ, खण, नारळ. सगळ्यांच्या आधी ताराक्का. तिनं ओटी भरली, आईच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली आणि कानाशी वाकली. मी चहा घेऊन शेजारीच होते.

“बाई, तेवडं आमच्या सुनंचं बगा. नववी झालीया. पोरांची लई हौस तिला.”

आईला कळलं नाही. तिनं विचारलं, कसलं बघू?

“आवं, तुमची जागा. तुमीच सांगितलं न्हवतं का? मी कुनाकडं बोलले न्हाई हां. आईची आन.”

आईच्या हातातला नारळ घरंगळत माझ्या पायाशी आला. ताराक्का उठली तर मागून कासारांची सुमित्रा बसली. तिची लेक नवऱ्यानं टाकून परत आलेली, तिला कुठंतरी चिकटवायचं होतं. तिनंही कुणाकडं शब्द काढला नव्हता. मग रघुतात्यांची थोरली सून, ती स्वतःसाठीच. एकेक येत होती, ओटी भरत होती, वाकत होती. आणि शेजारी बसलेली दुसरी, काय कुजबुज चाललीय म्हणून कान टवकारत होती. आत्ता मला कळलं की हिंगणोलीत ती गोष्ट का फुटली नाही. शेजारणीला सांगितलं तर शेजारणीचीही सून होती. आईनं दारोदार हिंडून, कुंकू लावून, एकेकीच्या कानात नोकरीची जाहिरात केली होती.

मला आईचा राग आला. मग तिच्याकडं बघून रडू आलं. आणि खरं सांगायचं तर हसूही आलं, ते मी चहाच्या पातेल्याजवळ जाऊन आवरलं. आण्णा बाहेर सांगत होते की बायकांची मतं कशी फिरवायची हे शास्त्र आहे, बादली नुसतं निमित्त.

दिवे लागले तेव्हा मागच्या दारानं अलका आली. हरलेल्या उमेदवारानं ओटी भरायला यायचं ही रीत कुठंच नाही. बाकीच्या बायका गेल्या होत्या. आई एकटी भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर तांदळाचा ढीग. अलकानं खण पुढं केला.

आई म्हणाली, “तू तरी शब्द पाळलास. बाकी कुणी पाळला नाही बघ.”

अलकानं मान खाली घातली. “बाई, मी बी तुमालाच मत दिलं.”

“मला?”

“आन भावकीतल्या बायकांस्नी बी सांगितलं. पान्याला गेल्यावर. म्हनलं, मला पाडा आन बाईस्नी आना.”

अलकाची पोरं लहान होती, सासू कडक होती, नवरा गावभर मिरवायचा. ती हळू आवाजात, पण न अडखळता बोलत होती. जिंकले असते तर घरातच बसवली असती, कागद आला की सही. हरले म्हणून आता काही महिने मला कुणी काही विचारणार नाही. एवढ्यात बालवाडी मिळाली तर रोज सकाळी घराबाहेर पडता येईल. दहावी पास आहे, मालकाला सांगेन की निवडणुकीत गेलेलं काहीतरी भरून निघतंय. तो नाही म्हणणार नाही.

“आणि माझं काय?” आई म्हणाली. एवढ्या मोठ्यानं ती घरात पहिल्यांदाच बोलली. “माझ्या दाराबाहेर पडण्याचं काय? मी तुझ्या चुलीपुढं बसून रडले. तू पाया पडून हो म्हणालीस.”

“मग काय करू?” अलका म्हणाली. तिच्याही डोळ्यांत पाणी आलं होतं. “दारात आलेल्या मानसाला न्हाई कसं म्हनायचं, बाई?”

आईनं मांडीवरचे तांदूळ पदरात गोळा केले. मग ती उठली, देव्हाऱ्याजवळच्या खिळ्यावरून किल्ली काढली. अलकाच्या ओटीत तांदूळ घातले, नारळ घातला, आणि त्यावर बालवाडीची किल्ली ठेवली. म्हणाली, संस्थेच्या ताईंना मी सांगते. सोमवारी पोरांची नखं बघायची. कोष्ट्याच्या पोराला ओरडायचं नाही, तो चड्डीत करतो. अलका मान हलवत होती आणि पदरानं डोळे पुसत होती.

ती गेल्यावर आण्णा आत आले. अलकाला मागच्या दारानं जाताना त्यांनी पाहिलं होतं. ते मला म्हणाले, “आली हुती का? बगितलंस वैजू, ह्याला प्रचार म्हंत्यात. विरोधकाच्या घरातलं मत फोडलं.”

पुढं कित्येक महिने आई देवळाकडच्या वाटेनं गेली नाही. आतून गाण्यांचा आवाज यायचा, म्हणून लांबच्या वाटेनं जायची.

पंचायतीची पहिली मीटिंग होती त्या दिवशी आण्णांनी सकाळीच इस्त्रीचा शर्ट घातला, टोपी नीट केली, खिशाला पेन लावलं आणि आईला म्हणाले, रजिस्टर घरी पाठवतो, सही करून ठेव. आई बाहेरच्या खोलीत आली. तिनं बालवाडीला जायची साडी नेसली होती आणि पायात चपला घातल्या होत्या.

“तुम्ही कुठं निघालात?” तिनं विचारलं.

“मीटिंगला.”

“बायकांनी मत मला दिलंय,” आई म्हणाली. “आणि मला आता सकाळी दुसरं काही काम ठेवलेलं नाही तुम्ही.”

आण्णांनी ओसरीकडं बघितलं. गटाची माणसं त्यांच्यासाठी थांबली होती. या वेळी कुणाची मान हलली नाही. आई त्यांच्यामधून वाट काढत पायरी उतरली आणि मागं वळून आण्णांना म्हणाली की इतकी माणसं आलीत, त्यांना चहा टाका, साखर वरच्या फळीवर आहे.